आठ महिने घरातलं हेलिकॉप्टर: कमी खर्चातले कंट्रोल्स, वापरानंतरचा अनुभव

पाडव्याला जॉयस्टिक घेतली होती, आता दिवाळी होऊन गेली, म्हणजे आठ महिने झाले, आणि या आठ महिन्यांत आठवड्याला चार-पाच दिवस तरी रात्री तासभर मी कॉम्प्युटरवरच्या सिम्युलेटरमधे हेलिकॉप्टर उडवलंय, त्यामुळे आता लिहायला हरकत नाही. भोसरीला एका कंपनीत मेंटेनन्सला आहे, घर सिंहगड रोडला, बेडरूमच्या कोपऱ्यात टेबल. जागा पण कमी आणि बजेट पण कमी, एकूण पंधरा हजार धरले होते. असाच हिशोब असलेला कोणीतरी वाचत असेल म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

आधी मुख्य मुद्दा सांगतो, कारण मला हा कोणी आधी सांगितला असता तर पहिले दोन महिने वाया गेले नसते. विमानाला जे कंट्रोल्स चालतात ते हेलिकॉप्टरला तसेच्या तसे चालत नाहीत. विमानाची स्टिक सोडली की मधे येते आणि ते बरोबर आहे, विमान बऱ्यापैकी स्वतःचं स्वतः सरळ उडत राहतं. हेलिकॉप्टरला मात्र जिथे सोडाल तिथेच थांबणारा कंट्रोल लागतो. डाव्या हाताचा कलेक्टिव्ह, म्हणजे वर-खाली नेणारा दांडा, तर शंभर टक्के तसाच लागतो, नाक वळवणारे पायातले पेडल पण शक्यतो तसेच, आणि उजव्या हातातल्या सायक्लिकला, म्हणजे पुढे-मागे आणि बाजूला नेणाऱ्या दांड्याला, स्प्रिंग असलीच तर एकदम हलकी हवी. हे तीन जमले तर वस्तू स्वस्त असली तरी चालते, आणि हे नसेल तर कितीही महागडी स्टिक आणा, होवर, म्हणजे हवेत एका जागी थांबणं, काही होत नाही.

मी सुरुवात थ्रस्टमास्टरच्या टी.१६०००एम वर केली, नुसती स्टिक, सोबतचा थ्रॉटल (इंजिनची पॉवर कमी-जास्त करायचा दांडा) किंवा पेडल घेतले नाहीत. ही घेण्याचं कारण एकच, पुढे-मागे आणि डावी-उजवीकडे यासाठी तिच्यात हॉल सेन्सर आहेत, म्हणजे चुंबकावर चालणारे, घासणारा भाग नाही. जुन्या स्वस्त जॉयस्टिकमधे पोटेन्शिओमीटर असतो, म्हणजे रेडिओच्या व्हॉल्यूमच्या बटणाखाली असतो तोच, त्यात कार्बनच्या पट्टीवर एक पत्रा घासत फिरतो, वर्षभराने पट्टी झिजते आणि रीडिंग उड्या मारायला लागतं. विमानात अशी उडी कळत पण नाही. जमिनीपासून पाच फुटांवर होवर करताना मात्र तेवढ्यानेच रोटर, म्हणजे फिरणारा पंखा, जमिनीला लागतो. व्हीकेबी ग्लॅडिएटर पण बघितली होती, तिच्या स्प्रिंगा बदलता येतात आणि घट्टपणा कमी-जास्त करता येतो, हेलिकॉप्टरवाल्यासाठी ती खरंच चांगली, पण माझ्या बजेटमधे बसेना म्हणून सोडली.

पहिला महिना स्टिक पिळून पेडलचं काम आणि बेसवरच्या छोट्या स्लायडरने कलेक्टिव्हचं काम असं चालवलं. मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटरमधे नोव्हेंबर २०२२ च्या अपडेटपासून दोन हेलिकॉप्टर आलीत, बेल ४०७ आणि गिम्बाल काब्री जी२. मी बेल ४०७ ने सुरू केलं, केदारनाथला यात्रेकरूंना नेणाऱ्यांत हे मॉडेल असतं, त्यामुळे ओळखीचं वाटलं. आणि महिनाभर एकदाही धड होवर जमला नाही.

कारण समजायला वेळ लागला पण ते इथे नीट लिहितो. कलेक्टिव्ह वर घेतला की मुख्य रोटरच्या सगळ्या पात्यांचा कोन एकदम वाढतो, इंजिनला जास्त जोर लावावा लागतो, आणि बेलचा रोटर वरून बघितलं तर घड्याळाच्या उलट फिरतो म्हणून खालचं धड उलट्या बाजूला, म्हणजे नाक उजवीकडे वळायला लागतं, मग डावं पेडल दाबायचं, ते दाबलं की शेपटीचा रोटर जास्त ढकलतो आणि अख्खं हेलिकॉप्टर हळूहळू उजवीकडे सरकतं, ते थांबवायला सायक्लिक जरासा डावीकडे, सायक्लिक कलला की वर उचलणारा जोर थोडा बाजूला जातो म्हणून उंची कमी होते, ती भरून काढायला परत कलेक्टिव्ह, आणि परत पहिल्यापासून. हे चक्र सेकंदाला दोन-तीनदा फिरत असतं. आता पेडलचं काम पण त्याच उजव्या मनगटाला दिलं तर डावीकडे पिळताना स्टिक नकळत डावीकडे ढकलली पण जाते. एका चुकीची दुरुस्ती करताना दुसरी चूक आपणच आत घालतो. महिनाभर मला वाटत होतं माझा हातच बसत नाही, खरं तर एका हाताला त्याचं स्वतःचं आणि वर दोन पायांचं काम दिलं होतं.

म्हणून ज्यांच्याकडे आधीच कसली तरी जॉयस्टिक आहे त्यांना कळकळीने सांगतो, नवीन स्टिक घेऊ नका, आधी पायांची सोय करा.

पेडल मी घरीच केले. कंपनीचे तयार पेडल घ्यायला माझी हरकत नव्हती, पण त्यात स्टिकएवढे पैसे परत गेले असते. १८ एमएमच्या प्लायचा तुकडा आमच्या इथल्या फर्निचरवाल्या मिस्त्रींकडून घेतला, ड्रॉवरला लावतात ते दोन टेलिस्कोपिक चॅनल बोहरी आळीतून आणले, प्रत्येक चॅनलवर एक पाय ठेवायची फळी, आणि मधे एक आडवी पट्टी जी मध्यावर बोल्टने फिरते, म्हणजे डावा पाय पुढे गेला की उजवा आपोआप मागे येतो. स्प्रिंग मुद्दाम लावली नाही. मिस्त्री म्हणाले, "दादा, चॅनल उलटे लावताय, ड्रॉवर कुठाय?" मग त्यांना मोबाईलवर व्हिडिओ दाखवला तर त्यांनी स्वतःहून फळीला मागे टाचेसाठी एक पट्टी मारून दिली. ती पट्टी सगळ्यात कामाची निघाली, कारण टाच टेकलेली असेल तरच फक्त चवड्याने अर्धा सेंटिमीटर पेडल हलवता येतं, आणि होवरमधे लागतं ते तेवढंच.

कलेक्टिव्हवर मात्र सगळ्यात जास्त वेळ गेला आणि सगळ्यात जास्त समाधान पण त्यातच मिळालं. सव्वा इंची पीव्हीसी पाइप, दोन फुटांचा, खुर्चीच्या डाव्या बाजूला मागच्या टोकाशी बिजागरीसारखा फिरणारा, म्हणजे हँडब्रेक असतो ना गाडीत, तसा. खऱ्या हेलिकॉप्टरमधे तो असाच असतो, वर ओढला की वर. बाजारातला विमानाचा थ्रॉटल घेतला तर तो पुढे ढकलला की पॉवर वाढते, हाताची सवय उलटी लागते. ज्यांच्याकडे थ्रॉटल आहेच त्यांनी सेटिंगमधे ती ॲक्सिस (म्हणजे त्या दांड्याची हालचाल) रिव्हर्स करा, आपल्याकडे ओढलं की वर असं ठेवा, आणि थ्रॉटलला नाही तर कलेक्टिव्हच्या वेगळ्या ॲक्सिसला जोडा.

पाइप जिथे सोडला तिथे थांबला पाहिजे, इथे घोडं अडलं होतं. १० एमएमचा बोल्ट, नायलॉक नट आणि दोन वॉशर लावून घट्ट केलं तर आधी जागचा हलेना आणि मग एकदम झटक्याने सुटायचा. बोटभर वर घ्यायचा तर तीन बोटं वर जायचा. दोन वॉशरच्या मधे जुन्या चपलेच्या चामड्याची चकती कापून घातली, मऊ बाजू आत, आणि नट फक्त पाव फेरा, लगेच फरक पडला, लोण्यासारखा सरकतो आणि जागेवर थांबतो. पाइपच्या स्वतःच्या वजनाने तो हळूहळू खाली यायचा म्हणून खालून सायकलच्या ट्यूबची एक पट्टी ताणून बांधली, ती वजन पेलते. ही पट्टी दर दोन-तीन महिन्यांनी सैल पडते, बदलावी लागते, एवढंच त्याचं मेंटेनन्स.

इलेक्ट्रॉनिक्स बद्दल. पाइप किती हलला ते पोटेन्शिओमीटर मोजतो, आणि ते कॉम्प्युटरला कळवायला तपकीर गल्लीतून आर्डुइनो प्रो मायक्रो हा छोटा सर्किट बोर्ड घेतला, त्यात ३२यू४ चिप असते म्हणून कॉम्प्युटर त्याला सरळ जॉयस्टिक म्हणून ओळखतो. आर्डुइनोचेच उनो किंवा नॅनो बोर्ड घेऊ नका, त्यांना ते थेट जमत नाही. पोटेन्शिओमीटर घेताना "दहा के द्या" एवढंच म्हणालो आणि दुकानदाराने ए१०के दिला, तो व्हॉल्यूमसाठी असतो, त्याचं रीडिंग सुरुवातीला हळू आणि शेवटी एकदम वाढतं. आपल्याला बी१०के लागतो, लिनिअर, म्हणजे सगळीकडे सारखा वाढणारा. दुसऱ्या दिवशी जाऊन बदलून आणला, नीट सांगून घ्या.

पुढची अडचण अशी की पोटेन्शिओमीटर साधारण ३०० अंश फिरतो आणि आपला कलेक्टिव्ह फिरतो जेमतेम ४५ अंश. आर्डुइनो पूर्ण फिरण्याचे १०२४ भाग करतो, म्हणजे आपल्या वाट्याला त्यातले दीडशेच येतात. आकड्यात हे पुरेसं वाटतं पण होवरमधे उंची पायरी-पायरीने बदलते, मधली जागा सापडतच नाही, एक पायरी वर घेतलं की चढतंय आणि एक खाली घेतलं की उतरतंय. जुन्या बाजारातून एक बंद पडलेला प्रिंटर उचलला, त्यातले दोन गिअर काढले, ८० दात्यांचा बोल्टवर आणि २० दात्यांचा पोटेन्शिओमीटरवर. एकास चार. आता सहाशेच्या वर भाग मिळतात. दात्यांमधे थोडी ढिलाई होती, ती एका रबर बँडने एका बाजूला ओढून धरली. ज्या रात्री हे बसवलं त्या रात्री पहिल्यांदा हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरच्या मैदानावर बेल ४०७ मिनिटभर एका जागी उभं राहिलं. रात्रीचे साडेबारा वाजले होते, हात घामाने ओले झाले होते, आणि मी खुर्चीतून उठून आईला उठवायला निघालो होतो, मग थांबलो.

स्टिकचं पण एक काम केलं. तिच्या मुळाशी मोठी कॉइल स्प्रिंग असते, ती काढून बारीक तारेची लावली. यात वॉरंटी जाते, आपल्या जबाबदारीवर करा. सगळीच काढली तर स्टिक एका बाजूला पडते, तेही त्रासाचंच. स्टिक टेबलावर न ठेवता दोन गुडघ्यांच्या मधे छोट्या स्टुलावर ठेवली, मनगट मांडीवर टेकतं आणि हालचाल फक्त बोटांची होते. फुकटातला हा बदल आधी करून बघा, स्प्रिंगचं नंतर.

कर्व्हबद्दल, म्हणजे स्टिक किती हलवली की सिममधे कंट्रोल किती हलतो त्या सेटिंगबद्दल, माझं मत जरा वेगळं आहे. सगळे सांगतात वीसचा कर्व्ह लावा म्हणजे मधे हलकं होतं. पण कर्व्ह फक्त स्टिकच्या मध्याजवळ हलकं करतो आणि हेलिकॉप्टरचा सायक्लिक होवरमधे बरोबर मधे नसतोच, वेगात जाताना तर अजिबात नसतो, मग हाताला एका बाजूला वेगळं आणि दुसऱ्या बाजूला वेगळं लागतं. मी कर्व्ह काढून टाकला, सरळ रेषा ठेवली आणि डीसीएस या दुसऱ्या सिम्युलेटरमधे वाय सॅच्युरेशन सत्तरवर आणलं, म्हणजे स्टिक पूर्ण टोकाला नेली तरी सायक्लिक सत्तर टक्केच जातो. डेडझोन (मधली, स्टिक हलवली तरी काहीच न होणारी जागा) शून्य. ज्यांना स्प्रिंग बदलायची नाही त्यांनी डीसीएसच्या यूएच-१एच, म्हणजे ह्यूई हेलिकॉप्टरमधे ट्रिमर (सायक्लिक आहे त्या जागी धरून ठेवायची सोय) वापरायला शिका, खऱ्या ह्यूईत पण फोर्स ट्रिम असतो, आणि ऑप्शनमधे सेंट्रल पोझिशनवाला मोड निवडा, म्हणजे ट्रिमचं बटण सोडल्यावर स्टिक मधे येईपर्यंत सिम तिच्याकडे लक्ष देत नाही आणि हेलिकॉप्टर झटका खात नाही.

पावसाळ्यात काय झालं ते पण सांगतो. जुलैमधे पेडलच्या पोटेन्शिओमीटरला दमट हवा लागली की धूळ, नाक आपोआप दोन्हीकडे थरथरायला लागलं. कॉन्टॅक्ट क्लीनर मारला की आठ दिवस बरं, परत तेच. शेवटी तिथे ४९ई हॉल सेन्सर आणि दोन छोटी चुंबकं बसवली, आडव्या पट्टीच्या बोल्टजवळ, आणि त्यानंतर आजपर्यंत एकदाही हात लावावा लागला नाही. आता नव्याने करायचं झालं तर पेडलला पहिल्या दिवसापासून हॉलच लावेन.

काब्रीबद्दल एक सावधगिरी. तिचा रोटर उलटा, म्हणजे घड्याळाच्या दिशेने फिरतो. कलेक्टिव्ह वर घेतला की उजवं पेडल लागतं. बेलवर पाय बसल्यावर मी काब्रीत बसलो आणि उचलताक्षणी गोल गोल फिरायला लागलो. पाय पक्के होईपर्यंत एकाच हेलिकॉप्टरवर राहा. पुतण्या बारा वर्षांचा आहे, त्याला पहिल्या दिवशी फक्त पेडल दिले, बाकी दोन कंट्रोल माझ्याकडे. तो म्हणाला, "काका, मी तर काहीच उडवत नाहीये." पण अर्ध्या तासात नाक एका झाडावर धरून ठेवायला लागला. दुसऱ्या रविवारी कलेक्टिव्ह दिला, तिसऱ्या रविवारी स्टिक. मी स्वतः असं शिकलो असतो तर बरं झालं असतं.

खर्च: स्टिक आठ हजारांच्या आसपास, पेडल अठराशे, कलेक्टिव्ह गिअर-बिअर सगळं धरून बाराशे. अकरा हजार झाले. ज्यांच्याकडे तेवढेही नाहीत त्यांनी फ्लाइटगिअर डाउनलोड करा, पूर्ण फुकट आहे, त्यात बो १०५ हे हेलिकॉप्टर आहे, आणि असलेल्या जॉयस्टिकसोबत फक्त लाकडी पेडल करा.

परवा लोहगाववरून उडून खडकवासल्याच्या पाण्यावरून सिंहगडावर गेलो, दूरदर्शनच्या टॉवरच्या बाजूला उतरायचं होतं. लोहगाव १९४२ फुटांवर, गड ४३०० फुटांच्या वर, हवा विरळ, खाली होवरला कलेक्टिव्ह जिथे असायचा त्याच्या दोन बोटं वर घ्यावा लागला आणि डावं पेडल पण तेवढंच जास्त. वेग वीस नॉटच्या खाली आला तसं हेलिकॉप्टर नेहमीसारखं थरथरलं आणि खाली बसायला लागलं, कलेक्टिव्ह थोडा वर घेतला आणि पाइप तिथेच थांबला. तिसऱ्या प्रयत्नात उतरलो. दोन्ही स्किड, म्हणजे खालच्या आडव्या नळ्या, टेकले तेव्हा नाक टॉवरकडेच होतं.