तीन आयुर्विमा पॉलिसी एकाच वेळी : १४ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

माझ्या नावावर सध्या तीन वेगवेगळ्या कंपन्यांच्या आयुर्विमा पॉलिसी आहेत. पहिली नोकरी लागल्यावर घेतलेली बचतीची, दुसरी गृहकर्जाच्या मुदतीएवढी म्हणजे १५ वर्षांची टर्म पॉलिसी (मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारी), आणि तिसरी, मुलीच्या जन्मानंतर १४ महिन्यांपूर्वी घेतलेली, निवृत्तीच्या वयापर्यंत चालणारी टर्म पॉलिसी.

सगळ्या पॉलिसींचे पैसे खरेच मिळतात का, असे मला अनेकांनी विचारले. मिळतात. रुग्णालयाच्या खर्चाचा विमा दोन ठिकाणी असला तरी भरपाई एकूण बिलापुरतीच मिळते; मृत्यूचे मात्र बिल निघत नाही, त्यामुळे दावा मंजूर झाल्यावर प्रत्येक कंपनी करारातली रक्कम स्वतंत्रपणे देते. हवे तेवढे विमासंरक्षण मात्र कोणी देत नाही. तिसऱ्या कंपनीने माझे उत्पन्न पाहिले, आधीच्या दोन्ही पॉलिसींच्या रकमा त्यात धरल्या आणि मागितल्यापेक्षा कमी रकमेचा विमा मंजूर केला.

तिसऱ्या पॉलिसीच्या अर्जात सध्याच्या पॉलिसींची माहिती लिहिण्यासाठी एक तक्ता होता. "तो कोरा ठेवा, काम लवकर होईल," असे एजंट सहज बोलून गेले. मी दोन्ही पॉलिसींचे क्रमांक, रकमा आणि सुरू झाल्याच्या तारखा लिहिल्या. त्यावरून पगाराच्या पावत्या मागवण्यात आल्या आणि काम ११ दिवस लांबले. हा उशीर मला परवडला, कारण लपवलेली माहिती दाव्याच्या वेळी उघडकीस आली, तर तो नाकारण्याचे कारण कंपनीला आयते मिळू शकते आणि तेव्हा खुलासा करायला मी नसणार.

खरा त्रास सातव्या महिन्यात झाला. बँकेचे खाते बदलताना हप्ता आपोआप कापण्याची सूचना मी दोन पॉलिसींसाठी नव्याने दिली, पण गृहकर्जाच्या वेळची पॉलिसी विसरले. तिच्या स्मरणपत्रावर जुना पत्ता होता. थकलेला हप्ता लक्षात आला तेव्हा ग्रेस पिरियडचे, म्हणजे हप्ता भरण्याच्या वाढीव मुदतीचे, चारच दिवस उरले होते. पॉलिसी बंद पडली असती तर ती पुन्हा चालू करण्यासाठी तब्येतीचे नवे घोषणापत्र, कदाचित वैद्यकीय तपासणीही करावी लागली असती; आणि काही अटींची मुदतही त्या दिवसापासून पुन्हा मोजली गेली असती. आता तिन्ही हप्ते मी एकाच महिन्यात आणले आहेत. एका कंपनीने त्यासाठी हप्त्याची पद्धत बदलून दिली, तर दुसरीने नकार दिल्यामुळे तिचा हप्ता मी आगाऊ भरते.

खर्चाच्या बाजूने पाहिले तर एकाच मोठ्या पॉलिसीपेक्षा दोन लहान पॉलिसी बहुधा महाग पडतात, कारण मोठ्या रकमेवर मिळणारी सवलत हातची जाते. तरीही मला हे पटले, ते मुदतींमुळे: कर्ज फिटेल तेव्हा ती पॉलिसीही संपेल आणि नको असलेल्या संरक्षणाचा हप्ता पुढे भरावा लागणार नाही. बचतीची पॉलिसी मात्र आज घेतली नसती. तिच्या हप्त्याच्या मानाने संरक्षण फारच तोकडे आहे.

गेल्या महिन्यात मी पतींच्या हाती फाइल दिली आणि मी नाही असे समजून तिन्ही दाव्यांची कागदपत्रे काढायला सांगितले. प्रत्येक कंपनीचा अर्ज वेगळा आणि मृत्यूच्या दाखल्याची प्रतही वेगळी लागणार, हे त्यांनी लगेच टिपले. मग पहिल्या पॉलिसीवर बोट ठेवून त्यांनी विचारले, "इथे नॉमिनी कोण आहे, पाहिलेस का?" तिथे अजून माझ्या वडिलांचे नाव होते, त्यांना जाऊन चार वर्षे झाली.