१८९० चा जहाजी कंदील, आत दोनच तारांची वायर

जुन्या कंदिलाचे टेबललॅम्प विकताना वयाबद्दल खोटं बोललं जातं हे बहुतेकांना ठाऊक असतं. आतल्या वायरिंगबद्दल कुणी विचारतच नाही, आणि खरा धोका तिथे असतो. 'अस्सल पितळेचा, १८९० चा जहाजावरचा कंदील' म्हणून विकल्या गेलेल्या एका दिव्यात दोन्ही प्रकार सापडले.

आधी धातू. चुंबक चिकटला नाही, म्हणून घेणाऱ्याला पितळ वाटलं. पण चुंबक फक्त लोखंडावरचा मुलामा पकडतो. जस्ताच्या मिश्रधातूचं ओतकाम त्यातून सहज निसटतं. बुडाला न दिसेल अशा जागी कानस फिरवली, तेव्हा पिवळ्याऐवजी पांढुरका राखाडी धातू दिसला.

जुनेपणाही लावलेला होता. खरा कंदील कडी, वात फिरवायची चावी आणि बुडाची कड इथे झिजतो, खाचांत मळ धरतो, आत काजळी असते. इथे काळपटपणा सगळीकडे सारखा होता, ओल्या फडक्याला लागत होता आणि टाकी आतून लख्ख होती. वर्ष कोरलेल्या पट्टीसकट सगळे स्क्रू फुलीच्या खाचेचे, म्हणजे फिलिप्स. त्या स्क्रूचं पेटंटच १९३६ चं. एखाददुसरा स्क्रू दुरुस्तीत बदललेला असू शकतो, सगळेच तसे असतील तर वस्तू त्या काळची नाही.

इथवर नुकसान पैशांचं. प्लग मात्र तीन पिनांचा होता आणि वायर दोन तारांची. अर्थची, म्हणजे गळती झालेला करंट जमिनीत नेणारी, जाड पिन नुसती शोभेला! टाकीला पाडलेल्या भोकाची धार तशीच सोडलेली, त्यात ना रबरी बुश (भोकाच्या धारेपासून वायर वाचवणारी कडी), ना वायर धरून ठेवणारी क्लिप. दिवा थोडा सरकवला तरी वायर त्या धारेवर घासते. आवरण कापून फेजची, म्हणजे वीज आणणारी, तार धातूला टेकली की दिव्याचं अख्खं अंग 'लाइव्ह' होतं, त्यात वीज उतरते. अर्थ नसल्यामुळे फ्यूज उडत नाही, दिवा छान चालू राहतो आणि हात लावणाऱ्याच्या अंगातून करंट जमिनीत जातो. होल्डरपाशी वायरला मारलेली गाठ हा क्लिपला पर्याय नाही, विक्रेता काहीही सांगो.

पैसे देण्याआधी बुडाची झाकणी आणि प्लग उघडून मागा. लांबून मागवत असाल तर दोन्हींचे उघडे फोटो मागा. 'सील तुटेल' असं उत्तर आलं तर व्यवहार तिथेच थांबवा. घरी आल्यावर प्लग सॉकेटच्या बाहेर ठेवून मल्टिमीटरचा एक प्रोब अर्थच्या पिनेवर, दुसरा दिव्याच्या धातूच्या अंगावर टेकवा. एक ओहमच्या आत वाचन यायला हवं. पॉलिशवर प्रोब ठेवला तर अर्थ असूनही वाचन येत नाही, म्हणून उघडा स्क्रू शोधा.

परत देता येत नसेल तर जुनी वायर काढून ०.७५ चौरस मिलिमीटरची तीन तारांची लवचिक वायर घाला. भोकाची धार कानशीने मारून बुश आणि क्लिप बसवा. अर्थच्या हिरव्या-पिवळ्या तारेच्या टोकाला गोल लग (धातूची कडी) लावा, ती दिव्याच्या अंगाला जिथे बसेल तिथला रंग खरवडा आणि दातेरी वॉशर घालून नटाने घट्ट आवळा. ही तार आत बाकीच्या दोघींपेक्षा थोडी लांब ठेवा, म्हणजे वायर ओढली गेली तर सगळ्यात शेवटी सुटेल. आट्यांच्या होल्डरमध्ये फेज मधल्या टोकाला, न्यूट्रल आट्यांना आणि स्विच फेजमध्ये. बंद काचेत उष्णता साठते, तेव्हा चार-पाच वॅटचा एलईडी पुरे. आणि हे काम स्वतः न करता परवानाधारक वायरमनकडून करून घेतलं, तर जोडणी झाल्यावर अर्थचं वाचन त्याच्याकडून समोर घ्या.