मॅक्झिमा विचारते फार, पण नको तिथे

नव्या लॅपटॉपवर जुने लायसन्स चालणार नाही, पुन्हा पैसे भरावे लागतील, असे उत्तर विक्रेत्याकडून आल्यावर मी आधीच्या सशुल्क गणिती प्रणालीला रामराम ठोकला आणि डब्ल्यूएक्स-मॅक्झिमा, म्हणजे मॅक्झिमा या मोफत गणिती प्रणालीचा मेनू असलेला अवतार, वापरू लागलो. बारावीच्या सराव प्रश्नपत्रिकांची उत्तरे पडताळून पाहणे एवढेच माझे काम आहे. प्रोग्रॅमिंग मला येत नाही आणि त्यासाठी शिकण्याची इच्छाही नाही. मेनूतून इंटिग्रेशन निवडावे, राशी भरावी, उत्तर घ्यावे. अमेरिकेतील एमआयटीत १९६८ साली सुरू झालेल्या ‘मॅक्सिमा’ (Macsyma) या जुन्या प्रणालीपासून चालत आलेली ही मॅक्झिमा (Maxima) विल्यम शेल्टर यांनी १९८२ पासून २००१ मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत सांभाळली आणि १९९८ मध्ये अमेरिकेच्या ऊर्जा विभागाकडून ती खुल्या परवान्याखाली देण्याची मुभा मिळवली. माझे पैसे वाचले ते त्यामुळे.

मात्र पहिले काही आठवडे तिच्या प्रश्नांनी मी वैतागलो होतो. राशीत एखादा अचल असला की ‘हा धन, ऋण की शून्य?’ असे विचारून ती थांबते आणि उत्तर मिळेपर्यंत पुढची एकही ओळ सोडवत नाही. ‘अझ्यूम’ ही आज्ञा देऊन अचल धन असल्याचे आधीच सांगता येते, पण नवख्याला हे कोण सांगणार?

पुढे माझे मत बदलले. एक भागिले ‘क्ष वर्ग अधिक अ’ या राशीचे इंटिग्रेशन करताना तिने ‘अ’चे चिन्ह विचारले. अ धन असेल तर उत्तरात व्यस्त टॅन येतो, ऋण असेल तर लॉग. आणि आमच्या छापील प्रश्नात अटच दिलेली नव्हती. म्हणजे तिची शंका रास्त होती आणि प्रश्न अपुरा होता. तेव्हापासून नवा प्रश्न छपाईला देण्याआधी मी तो मुद्दाम हिला विचारतो.

म्हणूनच एका गोष्टीचा मला अधिक राग येतो. क्षच्या न या घाताचे इंटिग्रेशन सांगितले की ‘न म्हणजे उणे एक आहे का?’ असे ती काटेकोरपणे विचारते. ‘हो’ म्हणावे, तर निमूटपणे नुसते ‘लॉग क्ष’ देते. क्ष ऋण असू शकतो ही शंका येथे तिला येत नाही. केवलमूल्याच्या उभ्या रेघा नाहीत, शेवटी ‘अधिक सी’ हा अचलही नाही. असे उत्तर विद्यार्थ्याने लिहिले तर मी गुण कापीन. ‘लॉगॲब्ज’ ही सोय ‘ट्रू’ केली की रेघा येतात, परंतु ती मुळात बंद ठेवलेली असते आणि कायमची चालू ठेवायची तर सुरुवातीच्या फाईलमध्ये लिहावी लागते, म्हणजे पुन्हा प्रोग्रॅमिंगच्या उंबरठ्यावर जाणे आले.

सुलभीकरणासाठी रॅटसिम्प, रॅडकॅन, ट्रिगसिम्प अशा वेगवेगळ्या आज्ञा आहेत. कोणती कुठे लागू पडेल हे सवयीनेच कळते. आलेखांसाठी वर्गात मी जिओजेब्राच वापरतो. उत्तरे तपासणाऱ्या शिक्षकाला मॅक्झिमा घ्या असे मी सांगेन. विद्यार्थ्याच्या हाती मात्र ‘लॉगॲब्ज’ चालू केल्याशिवाय देणार नाही.