ऑडॅसिटी: भाषेच्या वर्गात चार वर्षं वापरल्यावर

मी मोठ्या माणसांना ऑनलाइन मराठी शिकवते. सत्र संपताना प्रत्येकाने दोन-तीन मिनिटांची गोष्ट आपल्या आवाजात रेकॉर्ड करून, जमल्यास चित्रं जोडून द्यायची, असा माझा नेम. लिखाण तीनशे शब्दांच्या आत, कारण त्यापुढे माणूस गोष्ट सांगायची सोडून वाचायला लागतो. आवाजाचं सगळं काम आम्ही ऑडॅसिटीत करतो. २००० साली आलेला हा प्रोग्रॅम अजूनही फुकट आहे.

दिसायला रुक्षच. पहिल्यांदा उघडल्यावर निम्मे विद्यार्थी घाबरतात. पण मला तो आवडतो तो पडद्यावर आवाजाच्या ज्या निळ्या लाटा उमटतात त्यांच्यासाठी. एका बाईंनी वाचलं, ‘मांजर खिडकीतून’, मग जवळजवळ दोन सेकंद सपाट रेघ, मग ‘आली’. वर्गात ऐकताना ती थांबलेली जागा कोणाच्या लक्षातही आली नसती. पडद्यावर मात्र ती खड्ड्यासारखी दिसली. क्रियापदापाशी येऊन लिंग आठवत बसल्या होत्या! मी काहीच बोलले नाही. त्यांनीच पुन्हा ऐकलं, हसल्या आणि ‘आलं’ म्हणाल्या.

नुसता तो एक शब्द नव्याने बोलून चिकटवायचा मोह होतो. तसं करू नका, आवाजाची पट्टी जुळत नाही आणि ठिगळ कळतं. अख्खं वाक्य परत बोलायचं. हाच तर सराव!

‘चार’ आणि ‘चारा’ यांतले दोन ‘च’ सांगून सांगून माझा घसा बसायचा. आता स्पेक्ट्रोग्राम उघडते, म्हणजे आवाजातल्या खालच्या-वरच्या पट्ट्या दाखवणारं चित्र. ‘चारा’तल्या ‘च’ची घासण वरच्या पट्टीत सरकलेली दिसते. कानाला पटत नाही ते कधीकधी डोळ्याला पटतं. टेम्पो, म्हणजे वेग, कमी करण्याची सोयही कामाची. बोलणं सावकाश होतं, पण आवाज घोगरा होत नाही.

खरखर काढणं दोन पायऱ्यांत होतं: आधी नुसती शांतता असलेला तुकडा निवडून त्याचा नमुना द्यायचा, मग सगळ्या ट्रॅकवर इफेक्ट लावायचा. हात राखून, नाहीतर माणूस डब्यात बसून बोलल्यासारखा वाटतो. त्या नमुन्यासाठी मी सुरुवातीला पाच सेकंद गप्प बसायला सांगते. हे पाच सेकंद कोणालाच जमत नाहीत.

मधे एक पैसे देऊन घ्यायचं ॲप वापरून पाहिलं. एका क्लिकवर ‘अं’ आणि थांबे साफ! ऐकायला गुळगुळीत, पण माझ्या दृष्टीने निकामी. विद्यार्थी कुठे अडला तेच पुसून गेलं. लांब शांतता छाटायची सोय ऑडॅसिटीतही आहे, पण ती मी गोष्ट पक्की होईपर्यंत वापरू देत नाही.

उणिवा सांगायच्या तर मोबाइलवर चालत नाही, आणि चित्रं जोडायला दुसरा प्रोग्रॅम लागतो. पहिल्या वर्षी मला चार जणांनी गोष्टीऐवजी प्रोजेक्टची, म्हणजे ऑडॅसिटीतल्या कच्च्या कामाची, फाइल पाठवली, कारण एक्स्पोर्ट करायचं, म्हणजे साधी ऐकता येणारी फाइल काढायची असते, हे सांगायला मीच विसरले होते. आता पहिल्याच तासाला सांगते: मोनो (एकच चॅनल), एमपीथ्री, ६४ केबीपीएस (सेकंदाला ६४ किलोबिट). बोलण्याला तेवढं पुरतं, आणि दोन मिनिटांची गोष्ट साधारण एक एमबीत बसते.