लहान मुलांचा बिनवासाचा रोल ऑन: चांगला आहे, पण बाटलीवरचं सगळं खरं धरू नका

सात वर्षांच्या पोरीला रोल ऑन लावायचा म्हटल्यावर घरात सगळ्यांनी नाकं मुरडली, एवढ्याशा मुलीला कसला डिओ म्हणे, पण शाळेतून आली की काखेला अगदी मोठ्या माणसासारखा उग्र वास यायचा आणि सकाळी आंघोळ घातली तरी दुपारी परत तेच, म्हणून घेतलाच. आता रोजच्या वापरात आहे. घेण्याआधी बाकीचे रिव्ह्यू वाचले तर सगळीकडे नुसतं छान आहे, मुलाला आवडला, एवढंच, म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

यात अ‍ॅल्युमिनियम नाही, सेंट नाही आणि मुख्य म्हणजे बेकिंग सोडा नाही. वास मारायचं काम मॅग्नेशियम हायड्रॉक्साईड आणि झिंक रिसिनोलिएट करतात. बेकिंग सोडावाल्या 'नॅचरल' स्टिक्स खूप मिळतात पण आपल्या त्वचेचा स्वभाव थोडा आम्लाकडे झुकणारा असतो आणि सोडा त्याच्या उलट, त्यामुळे बऱ्याच जणांची काख लाल होते, आग होते, लहान मुलांची त्वचा तर अजूनच नाजूक. याने आमच्याकडे अजून तरी पुरळ वगैरे काही नाही.

लावायची पद्धत सांगते कारण तिथेच लोकांचं चुकतंय असं वाटतं. पांढरं सगळं तळाशी बसतं, म्हणून आधी बाटली नीट हलवायची, नाहीतर वरचं नुसतं पाणी लागतं आणि मग काम करत नाही अशी तक्रार होते. काख पूर्ण कोरडी हवी. लावल्यावर हात जरा वर धरून वाळू द्यायचं, घाईत गडद रंगाचा टीशर्ट चढवला की बगलेत पांढरे पट्टे उमटतात आणि ते एका धुण्यात जात नाहीत. बॉल मात्र छोटा आणि कडक आहे, मुलांच्या हाताने फिरत नाही, हे कंपनीने खरंच सुधारायला हवं कारण सात-आठ वर्षांच्या मुलांना स्वतःचं स्वतः करायचं असतं.

घाम थांबत नाही म्हणून एक स्टार देणाऱ्यांचं मला पटत नाही. हा डिओडरंट आहे, अँटीपर्स्पिरंट नाही. अँटीपर्स्पिरंटमधले अ‍ॅल्युमिनियमचे क्षार घामाची छिद्रं तात्पुरती बुजवतात, हा तसं काही करत नाही, हा फक्त वास येऊ देत नाही. घामाला मुळात स्वतःचा फारसा वास नसतोच, काखेत अपोक्राईन नावाच्या वेगळ्या ग्रंथी असतात, त्यांचा घाम जरा दाटसर, आणि त्वचेवरचे बॅक्टेरिया तो खातात तेव्हा वास सुटतो. या ग्रंथी लहानपणी झोपलेल्या असतात, म्हणून तान्ह्या बाळाला कितीही घाम आला तरी तो वास येत नाही.

आता माझी मोठी तक्रार. बाटलीवर मागे लिहिलंय की रोज वापरल्याने हार्मोन्स बॅलन्स राहतात आणि लवकर वयात येण्यापासून संरक्षण मिळतं. हे साफ चुकीचं आहे आणि मला याचा राग आहे, कारण हे वाचून कोणीतरी डॉक्टरकडे न जाता नुसतं हे लावत बसेल. मुलांमध्ये साधारण सहा ते आठ वर्षांच्या दरम्यान किडनीवरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी थोडे हार्मोन्स सोडायला लागतात, त्याला अ‍ॅड्रिनार्की म्हणतात, त्याने काखेचा वास, तेलकट केस, एखादी पुटकुळी, थोडी लव असं दिसू शकतं. काखेत बाहेरून काही चोपडून ते थांबत नाही.

आम्ही रोल ऑन घ्यायच्या आधी बालरोगतज्ज्ञांना दाखवलं आणि तुम्हीही दाखवा असं मी ठामपणे सांगेन. त्यांनी वासाबद्दल कमी आणि बाकीचंच जास्त विचारलं. छातीत गाठ लागते का, खालच्या बाजूला केस दिसतात का, गेल्या वर्षभरात उंची एकदम वाढली का, आईची पाळी कितव्या वर्षी आली. मुलींमध्ये आठच्या आधी आणि मुलांमध्ये नऊच्या आधी वयात येण्याची लक्षणं दिसली तर ते लवकर धरतात. मुलीत खरी सुरुवात छातीपासून होते आणि मुलांमध्ये अंडकोष मोठे होतात, जे आईवडिलांच्या सहसा लक्षातच येत नाही. नुसता वास असेल तर बहुतेक वेळा काळजीचं काही नसतं. पण बाकीची लक्षणं सोबत असतील तर डाव्या हाताच्या पंजाचा आणि मनगटाचा एक्सरे काढून हाडांचं वय बघतात, कारण हाडं लवकर पिकली तर मूल आत्ता उंच दिसतं आणि पुढे उंची लवकर थांबते. अजून एक प्रश्न त्यांनी विचारला जो माझ्या डोक्यातही आला नसता, घरात कोणी टेस्टोस्टेरॉनचं, म्हणजे पुरुषी हार्मोनचं, जेल लावतं का. ते मोठ्यांच्या अंगावरून मुलांना लागतं आणि त्यानेही अशी लक्षणं दिसतात, 2009 मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषधांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, या जेलवर कडक इशारा छापायला लावला होता.

याच कंपनीचा लॅव्हेंडरवालाही आहे, तो मी घेतला नाही. 2007 मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये तीन लहान मुलग्यांच्या केसेस आल्या होत्या, लॅव्हेंडर आणि टी ट्री तेलाच्या वस्तू वापरत होते आणि छाती वाढलेली, वापर थांबवल्यावर कमी झाली. सगळ्या तज्ज्ञांना हा संबंध पटलेला नाही हेही खरं, पण बिनवासाचा मिळत असताना मुलांच्या बाबतीत मी कशाला आजमावून बघू.

मुलीने एकदा विचारलंच, आई मला घाण वास येतो का गं. तेव्हा घाण हा शब्दच मी बाजूला ठेवला, सांगितलं की तू मोठी होतेयस आणि दात घासतो तशी आता काखही रोज साबणाने धुवायची. घरातल्यांनाही बजावलंय की चारचौघात नाक दाबायचं नाही. तिला ते फार लागतं.

पाचपैकी चार स्टार, एक त्या खोट्या दाव्यासाठी कापला. सिंथेटिक युनिफॉर्ममध्ये वास धरून राहतो, त्यावर रोल ऑनचा काही उपाय चालत नाही, आतून सुती बनियन घाला आणि ती रोज बदला. एक्झिमा असेल किंवा काखेत खरचटलं असेल तर लावू नका, आणि पहिल्यांदा वापरताना कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावून एक-दोन दिवस बघा, मगच काखेत.