२१ दिवसांचं जंतमुक्ती किट : ड्रॉपर चांगला आहे

कंपनीचं नाव लिहीत नाही. असली किटं डझनभर नावांनी मिळतात. मी मागवलं ते ७९९ रुपयांचं. थेंबांची ३० मिलीची बाटली, चूर्णाचा डबा आणि चकचकीत पुस्तिका. थेंबांत वावडिंग, ओवा, लवंग. चूर्णात बहुतेक सगळं इसबगोल. खोक्यावर दोन वचनं ठळक छापलेली : ‘सर्व जंत २१ दिवसांत बाहेर’ आणि ‘रोगप्रतिकारशक्ती दुप्पट’.

आधी माझी लाज सांगून टाकते. गुहागर तालुक्यातल्या शाळेत मी २६ वर्षं विज्ञान शिकवलं. राष्ट्रीय जंतनाशक दिन २०१५ मध्ये सुरू झाला, तेव्हापासून निवृत्तीपर्यंत दर १० फेब्रुवारीला वर्गातल्या पोरांना माझ्यासमोर अल्बेंडाझोलची गोळी चावायला लावली. “बाई, खडू खाल्ल्यागत लागतं,” म्हणायची. गोळी १ ते १९ वर्षांच्या मुलांसाठी. बाईंच्या पोटाची चौकशी कोण करतो!

जुलैत लावणीला माणसं मिळेनात, म्हणून मीही अनवाणी चिखलात उतरले. बोटांच्या बेचक्यांत खाज सुटली. चिखल्या समजून मेंदी लावली. मग आठवडाभर कोरडा खोकला; पावसाळी हवा म्हणून काढा घेतला. गणपतीपर्यंत पोट सदा फुगलेलं आणि पाखाडी चढताना धाप. भाच्याने मोबाईलवर जाहिरात दाखवली आणि मी भुलले.

पार्सल वाडीपर्यंत चार दिवसांत आलं, बाटली कापसात नीट गुंडाळलेली. त्याचे गुण देते. थेंब जिभेला चांगलेच चावतात. चौथ्या दिवशी संडासात लांबट, पांढरट दोऱ्या दिसल्या, अगदी पुस्तिकेतल्या फोटोसारख्या. फोटो काढला (हो, काढला). भाच्याचं उत्तर : “मावशी, जबरदस्त!” २१ दिवस नेमाने घेतलं. धाप होती तशीच.

शेवटी तालुक्याला डॉक्टरकडे गेले. तो माझाच विद्यार्थी. फोटो पाहून हसू दाबत म्हणाला, “बाई, हे जंत नाहीत. इसबगोल फुगून आतड्यातल्या चिकट शेमात गुंडाळलाय.” रक्त आणि शौच तपासायला दिलं. हिमोग्लोबिन ८.९. इओसिनोफिल, म्हणजे एका जातीच्या पांढऱ्या पेशी, १९ टक्के. ६ च्या आत हवे होते. शौचात अंकुशकृमीची (हूकवर्मची) अंडी. म्हणजे किट संपल्यावरही मंडळी नांदत होती.

“शक्ती दुप्पट म्हणालेत ना? तुमची तर तिप्पट झालीय,” असं म्हणून त्याने इओसिनोफिलच्या आकड्यावर बोट ठेवलं. माझा मुख्य आक्षेप त्या दुसऱ्या वचनावरच आहे. जंत झाल्यावर प्रतिकारशक्ती झोपलेली नसते, ती राबत असते. जिवाणूला पांढरी पेशी गिळते. पण सेंटीमीटरभर लांबीचा कृमी गिळणार कसा? म्हणून शरीर वेगळीच फळी उभी करतं. इंटरल्युकिन-५ या निरोप्या प्रथिनाच्या इशाऱ्याने हाडांच्या मगजातून इओसिनोफिल निघतात, इंटरल्युकिन-१३ मुळे आतड्यात शेम वाढतो, आयजीई हे प्रतिपिंड वाढतं. कृमीला घसरवून बाहेर ढकलायचा सगळा खटाटोप.

कृमीही बनेल. तो असे पदार्थ सोडतो की आपल्याच नियामक टी-पेशी आणि इंटरल्युकिन-१० हल्ल्याला लगाम घालतात. म्हणून अंकुशकृमी आतड्याला चिकटून वर्षानुवर्षं रक्त पीत राहतो. हा लगाम दुसरीकडेही जाणवतो. इक्वेडोरमध्ये जंत असलेल्या मुलांना आधी अल्बेंडाझोल दिलं, तेव्हा तोंडावाटे दिलेल्या कॉलराच्या लशीला त्यांचा प्रतिसाद सुधारला. हा अभ्यास २००० सालचा. आता सांगा, यात ‘दुप्पट’ नेमकं काय करणार? इओसिनोफिल ३८ टक्के?

भाच्याने मग उलटा डाव टाकला : जंत असले की ॲलर्जी कमी होते म्हणे, मग राहू देत की! तो अगदीच हवेत बोलत नव्हता. गॅबनमध्ये कृमी असलेल्या शाळकरी मुलांत धुळीतल्या सूक्ष्म किड्यांच्या त्वचाचाचणीला प्रतिक्रिया कमी दिसली, आणि उपचारांनंतर ती वाढली. अमेरिकेत आतड्याच्या क्रोन्स आजारावर डुकराच्या कृमीची अंडी पाजून पाहिली. सुरुवातीच्या छोट्या प्रयोगांनी आशा दाखवली, मोठ्या चाचण्यांत ती टिकली नाही. आणि माझं हिमोग्लोबिन ८.९ असताना मी कोणाला पोटात भाड्याने ठेवणार नव्हते.

अल्बेंडाझोल ४०० मिलिग्रॅम, एक गोळी, प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट. खडूचं पोरं म्हणायची ते खरं होतं. सोबत तीन महिने लोहाच्या गोळ्या. शौचतपासणी पुन्हा केली, अंडी नाहीत. इओसिनोफिल मात्र लगेच उतरत नाहीत. जानेवारीत ५ टक्क्यांवर आले, हिमोग्लोबिन ११.६. ती खाजही चिखल्यांची नव्हती असं डॉक्टरचं म्हणणं : अळ्या तळव्याच्या कातडीतून शिरतात, रक्तातून फुप्फुसात, तिथून घशात चढतात आणि गिळल्या गेल्या की आतड्यात. खोकल्याचंही कोडं सुटलं. हे चक्र मी फळ्यावर रंगीत खडूने किती वेळा काढलं असेल!

वावडिंगाला मी नावं ठेवत नाही, आजी आम्हाला मधातून चाटवायची. पण तिने कधी इसबगोलाच्या दोरीला जंत म्हटलं नाही. पैसे परत मागितले, तर ‘सील उघडलंय’ असं उत्तर आलं.

पाचपैकी एक तारा, तोही पार्सलवाल्या पोराला. यंदाच्या लावणीसाठी गमबूट आणलेत. चूर्ण बद्धकोष्ठाला चालतं. बाटली धुऊन ठेवली आहे. त्या ड्रॉपरने शिवणयंत्रात तेल फार नेमकं पडतं.