कोटेशनमध्ये बॉलस्क्रू, मशीनमध्ये भलतंच

लाकूडकामाची हौस म्हणून गॅरेजात किंवा गच्चीवरच्या खोलीत छोटी सीएनसी राउटर, म्हणजे संगणकाच्या हुकमाने लाकूड कोरणारी-कापणारी मशीन, बसवायचा विचार करणाऱ्या मंडळींसाठी हे लिहितोय. मला फसवणारा पैसे घेऊन पळाला नाही. मशीन आली, सांगितलेल्या दिवशी आली, चालूही झाली. फक्त दाखवली होती ती आली नाही.

पुण्यात अशा मशीन जोडून देणारे बरेच आहेत आणि त्यात चोख काम करणारेही आहेत, हे आधीच सांगतो. भोसरी-चिंचवडकडे प्लेट कापून, भोकं पाडून मिळतात, ॲल्युमिनियम प्रोफाइल मिळतं. मोटर चालवणारे ड्रायव्हर, वायरी, लिमिट स्विच तपकीर गल्लीत. बाहेरून खोका मागवण्यापेक्षा इथलाच माणूस बरा, काही बिघडलं तर गाडी काढली की त्याच्या दारात, असा हिशेब कोणीही करेल. मला फसवणाऱ्या गृहस्थांनी नेमका तोच हिशेब विकला.

कोटेशन झकास होतं. दोन बाय तीन फुटांचा बेड. तिन्ही अक्षांना १६०५ बॉलस्क्रू, म्हणजे नटातल्या छऱ्यांवर फिरणारा स्क्रू, १६ मिमी जाडीचा आणि एका फेऱ्यात ५ मिमी सरकवणारा. चौकोनी लिनिअर रेल (सरकायचे रूळ), नेमा २३ मापाच्या मोटर, ईआर २० कोलेटचा (बिट धरणाऱ्या पकडीचा) २.२ किलोवॅट वॉटर-कूल्ड स्पिंडल, म्हणजे बिट फिरवणारी मोटर. किंमत १ लाख ६५ हजार, जीएसटी वेगळा. त्यांच्या शेडमध्ये डेमोसाठी उभी असलेली मशीन अगदी कोटेशनबरहुकूम. सागवानाच्या फळीवर त्याने माझ्यासमोर गणपती कोरून दाखवला, कडा इतक्या स्वच्छ की पॉलिश पेपर लावायची गरज नाही. आता गणपतीवर कोण शंका घेणार! मी सगळ्याचा व्हिडिओ काढला, त्यानेही हौसेने काढू दिला. ‘हीच मशीन द्या की,’ म्हटलं, तर ‘ती बुक आहे काका, तुम्हाला नवी कोरी बनवून देतो.’ अर्धे पैसे आगाऊ, तेही ‘फर्मच्या खात्याला बँकेचा प्रॉब्लेम चालू आहे’ म्हणून भाच्याच्या यूपीआयवर.

घरी आलेल्या मशीनच्या स्क्रूंवर काळी रबरी घडीची कव्हरं होती आणि टोकांना ‘उघडल्यास वॉरंटी रद्द’ असे स्टिकर. भुसा गेला की बॉलस्क्रू खलास, म्हणून पॅक करून दिलंय, असं कारण. कारण खरंच आहे, म्हणूनच पटतं.

पहिली शंका स्पिंडलची. ८ मिमी शँकचा (दांड्याचा) बिट बसवायला गेलो तर आत जाईना. ईआर २० कोलेटमध्ये १३ मिमीपर्यंतची शँक बसते, त्याहून लहान ईआर ११ ची धाव ७ मिमीपर्यंतच. व्हर्निअर लावला तर स्पिंडलचं अंग ६५ मिमी. या प्रकारचे २.२ किलोवॅटचे स्पिंडल सर्रास ८० मिमीचे येतात, आणि डेमोतला तसाच जाडजूड होता. स्टिकर मात्र झळझळीत, २.२ किलोवॅट.

मग एमडीएफमध्ये ५० मिमीचा गोल खड्डा आणि त्यात बसणारी चकती कापून पाहिली. चकती बसेना. कडेवरून बोट फिरवलं की घड्याळातल्या बारा, तीन, सहा, नऊच्या जागी बारीक पायरी लागत होती. अक्षाची दिशा उलटते त्या जागा या, म्हणजे स्क्रू आणि नटमध्ये प्ले, ढिलेपणा. मोटर चालू ठेवून गँट्री (स्पिंडल वाहणारी आडवी कमान) हाताने दाबली, तर मोजायला लावलेल्या डायलचा काटा जवळजवळ अर्धा मिमी हलला. नव्या बॉलस्क्रूत एवढा प्ले नसतो.

कव्हर उघडावं तर वॉरंटी जाणार. पण कंट्रोलर, म्हणजे मोटरना हुकूम देणारा बोर्ड, जीआरबीएल या सॉफ्टवेअरवर चालणारा होता. त्यात डॉलरचं चिन्ह दोनदा टाइप करून एंटर दाबलं की सगळ्या सेटिंग्ज समोर येतात, आणि १००, १०१, १०२ नंबरच्या ओळींत एक्स, वाय, झेड अक्ष एक मिमी सरकायला किती स्टेप लागतात ते असतं. माझ्याकडे तिन्ही ठिकाणी ४००. ड्रायव्हरवरचे बारके स्विच मोटरच्या एका फेऱ्याला १६०० पल्सवर, म्हणजे तेवढ्या स्टेपवर, लावलेले. १६०० ला बॉलस्क्रूच्या ५ मिमीने भागा, ३२० येतात. ४०० यायला ४ ने भागावं लागतं. १६ मिमी जाडीचा आणि ४ मिमी पिचचा स्क्रू म्हणजे साधा ट्रॅपेझॉइडल, पितळी नटवाला, बॉलस्क्रूच्या पासंगालाही न पुरणारा. कोटेशनमध्ये काय वाटेल ते लिहिता येतं, कंट्रोलरमध्ये नाही. तिथे ३२० टाकले असते तर १०० मिमीची रेघ ८० मिमीचीच आली असती! मशीन ताब्यात घेताना, टेम्पोवाल्याला थांबवून ठेवून, हा भागाकार तेवढा करा.

फोन केला तर आवाजात जराही फरक नाही. ‘काका, हॉबीसाठी एवढं चालतं. बॉलस्क्रूच हवा असेल तर पस्तीस हजारांत अपग्रेड करून देतो.’ म्हणजे ज्याचे पैसे आधीच घेतले, तेच पुन्हा विकायला काढलं.

खरी मेख बिलात. पक्कं बिल दिलं होतं, जीएसटीसकट. त्यावर मजकूर एवढाच: ‘फॅब्रिकेशन जॉबवर्क, १ नग’. मशीनचं नाव नाही, स्पिंडल नाही, स्क्रू नाही. त्याआधी मोठ्या आपुलकीने सुचवलं होतं की तुमचा नसेल तर मुलाच्या फर्मचा जीएसटी नंबर द्या, इनपुट क्रेडिट मिळेल. मी दिला नाही, मुलाचा या हौसेशी काय संबंध! ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार व्यापारी कारणासाठी माल घेणारा ग्राहकाच्या व्याख्येत बसत नाही. स्वयंरोजगार करून पोट भरणाऱ्याला त्यातून सूट आहे, पण फर्मच्या नावावर बिल निघालं की समोरचा पहिला मुद्दा हाच काढणार. तेव्हा बिल स्वतःच्या नावावर घ्या आणि त्यात स्पिंडलची वॅट, कोलेटचा नंबर, स्क्रूचा प्रकार आणि रेलचा मेक लिहून मागा. खळखळ करू लागला तर शेडमधून सरळ बाहेर या.

१९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, त्याने काही हललं नाही. आता प्रकरण जिल्हा ग्राहक आयोगाकडे. मालाची किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर तिथे फी नाही, आपण राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, मुदत दोन वर्षांची.

मध्यंतरी भवानी पेठेत टिंबर मार्केटला सागवान बघताना एकांशी ओळख निघाली. त्यांनी दुसऱ्याच महिन्यात त्याच शेडमधून मशीन घेतलेली. त्यांच्या मोबाईलमधला डेमोचा फोटो पाहिला: तोच गणपती, तीच मशीन, बेडच्या डाव्या कोपऱ्यात तोच जळका अर्धगोल डाग. बुक झालेली ती मशीन अजून शेडमध्येच आहे. तुमच्याही फोटोत तो डाग असेल तर घरच्या मशीनच्या सेटिंग्ज आजच बघा.

माझ्या नोटिशीला वकिलामार्फत उत्तर आलंय की आमच्या अशिलांनी फक्त फॅब्रिकेशन करून दिलं, मशीन विकलीच नाही. ते उत्तर, सही-शिक्क्याचं कोटेशन, भाच्याच्या खात्यात गेलेल्या पैशांची नोंद आणि डेमोचा व्हिडिओ, सगळं तक्रारीला जोडलं आहे. तारीख पडायची आहे.